गुरुवारचं प्रॅक्टिकल

संपादक महोदय,

स. न. बारावीचा निकाल लागला की आपल्या दैनिकात अभ्यासात आणि खेळात दोन्हीकडे चमकलेल्या मुलांचे फोटो येतात. यंदा त्यात आमच्या मुलीचाही होता. डोळे मिटलेले आले, पण आला. तिच्या आईने तो कापून देवघराजवळच्या कॅलेंडरला टाचला. फोटो छापून झाला की तुमचं काम संपतं आणि आमच्यासारख्यांचं तिथून सुरू होतं. कॉलेज शोधण्यात गेलेल्या त्या पुढच्या दोन महिन्यांबद्दल लिहितो आहे. लांबलं तर काटछाट करा, पण गुरुवारच्या प्रॅक्टिकलचा भाग तेवढा ठेवा.

मी साखळी-पणजी मार्गावर 17 वर्षं खासगी बस चालवतो. माझं शिक्षण दहावी. कॉलेज कसं निवडावं हे मी सांगायला लागलो तर लोक हसतील, आणि घरात हसलेच. पण एक गोष्ट मला प्राध्यापकांपेक्षा जास्त कळते. कागदावरची वेळ आणि रस्त्यावरची वेळ यांत किती फरक असतो, ती गोष्ट.

मुलीला बारावी सायन्सला 88 टक्के. ती 800 मीटर पळते, सगळ्यात चांगली वेळ 2 मिनिटं 18 सेकंद. गोव्यात ही वेळ बरी म्हणतात. बरी म्हणजे किती, हे तिला विचारा. ती स्वतःच सांगेल की टिंटू लुकाने 2010 मध्ये 1:59.17 अशी वेळ देऊन राष्ट्रीय विक्रम केला. मधे एकोणीस सेकंद. एकोणीस सेकंदांत ती शंभर मीटरहून जास्त मागे पडलेली असते. हे अंतर माहीत असणं फार उपयोगाचं ठरलं, कारण मे महिन्यात आमच्या घरी जे फोन आले त्यांत कोणालाच ते अंतर दिसत नव्हतं.

एक फोन उत्तरेकडच्या एका खासगी विद्यापीठातून. फी पूर्ण माफ, हॉस्टेल फुकट, जेवणात अंडी-दूध वेगळं. त्यांचे कोच म्हणाले, दोन वर्षांत इंटरनॅशनल. मी म्हटलं, एकोणीस सेकंद. ते म्हणाले, हो जाएगा. मग त्यांचं पत्र व्हॉट्सॲपवर आलं. ते मी आमच्या बसने रोज जाणाऱ्या एका बँकेतल्या बाईंना वाचायला दिलं. खाली बारीक अक्षरात होतं की ठरलेल्या स्पर्धेत पदक आलं नाही तर पुढल्या वर्षीपासून सवलत बंद. पाय मुरगळला तर काय, याबद्दल एक ओळ नाही. म्हणजे दुसऱ्या वर्षी दोन-अडीच लाख भरा, नाहीतर दाखला काढून परत या.

तिकडे जाऊच नये असं मी म्हणत नाही. खेळात अव्वल ठरणाऱ्या विद्यापीठाला मिळणारी मौलाना आझाद ट्रॉफी पंजाबातल्या विद्यापीठांनी कितीदा उचलली आहे ते जगजाहीर आहे. तिथे मैदानं आहेत, बरोबरीला पळणारी मुलं आहेत, आणि ज्याला खेळ हेच पोट करायचं आहे त्याने खुशाल जावं. मी मुलीला एवढंच विचारलं, पळणं उद्या बंद झालं तर तू तिथे काय करशील? ती म्हणाली, रडेन. मग म्हणाली, आणि इथे पळणं बंद झालं तर रडेन आणि फिजिक्स करीन.

तिला फिजिक्स आवडतं हे मला तिच्या अकरावीत कळलं, तेही वाईट प्रसंगातून. राष्ट्रीय शालेय स्पर्धेसाठी ती नऊ दिवस बाहेर होती. परत आली तर चार प्रॅक्टिकल्स गेलेली. हायर सेकंडरीचं नाव घेत नाही, पण तिथल्या शिक्षकांनी वर्गात विचारलं, पळून कोणाचं पोट भरलंय? पुढे एका दुपारी चारही प्रयोग ‘उरकले’, म्हणजे मैत्रिणीच्या जर्नलातले आकडे उतरवले. रात्री ती उतरवत होती आणि मी शेजारी बसून पानांना रेघा मारून देत होतो. चूक होती, मला माहीत होतं. मधेच ती म्हणाली, बाबा, हा लंबक मी एकदापण हलवून बघितला नाही. मार्क मिळाले. पण तिचं ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. कॉलेज बघताना मी इमारत, नॅकची ग्रेड, कँटीन यांतलं काही पाहिलं नाही. मी लंबक शोधत होतो.

आमच्या काकांच्या पिढीला हा त्रास नव्हता. गोवा मुक्तीपूर्वी कॉलेज करायचं तर बेळगाव, धारवाड, नाहीतर मुंबई-पुणं. 1962 मध्ये पणजीला धेंपे आणि मडगावला चौगुले कॉलेज निघालं, तेव्हा जवळचं ते चांगलं इतका साधा हिशेब. आज आमच्या साखळीतच सरकारी कॉलेज आहे, घरातून चालत वीस मिनिटं. शेजारपाजारचे विचारतात, दारात कॉलेज असताना पोरीला पणजीला कशाला धाडता? प्रश्न बरोबर आहे. ती फक्त शिकणारी असती तर मी तिला तिथेच घातलं असतं आणि तिची दोन तासांची झोप वाचवली असती. पण तिचे कोच पणजीजवळ बांबोळीला, सिंथेटिक ट्रॅकही बांबोळीला. पहाटे सहाला ट्रॅकवर पोचायचं तर साखळीहून निघणार कधी आणि कशाने? त्या वेळी त्या रस्त्यावर बस असती तर ती मीच चालवत असतो.

नातेवाइकांचं म्हणणं वेगळंच होतं. इतके टक्के घेऊन बीएस्सी? माझ्या बसमधली एक आजी, जिचा या सगळ्याशी संबंध नाही, तीसुद्धा म्हणाली, ‘इतले मार्क घेवन बीएस्सी? इंजिनेराक घाल रे पुता.’ आणि सगळ्यांच्या तोंडी उदाहरण एकच, क्रिकेटपटू शिखा पांडे. फर्मागुडीच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजातून शिकली, हवाई दलात एअर ट्रॅफिक कंट्रोलर झाली, 2014 मध्ये भारतासाठी खेळली आणि 2017 च्या विश्वचषकाची फायनल लॉर्ड्सवर खेळली. तिच्याबद्दल मला अतोनात आदर आहे. पण एका शिखावरून बाकीच्यांचा हिशेब मांडू नये. तिच्याबरोबर नेटमध्ये बॉल टाकणाऱ्या ज्या मुली पुढे दिसल्या नाहीत, त्यांनी कोणतं सेमिस्टर गमावलं आणि कशासाठी, ते कोणी लिहीत नाही. आमच्या मुलीला इंजिनिअरिंग नको होतं. तिला समुद्राच्या प्रवाहांचं काहीतरी करायचं आहे. 1966 मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था दोनापावलला, आपल्या दारात आहे, विद्यापीठात सागरी विज्ञानाचा अभ्यासक्रम आहे. तिकडे जायची वाट फिजिक्सवरूनही जाते हे तिनेच शोधून काढलं. मी फक्त मान डोलावली.

तिचा मामा अमेरिकेत असतो. त्याने रात्री अकराला फोन करून तिकडची पद्धत सांगितली. ऐकण्यासारखी होती. तिकडे कॉलेजच्या खेळाच्या तीन पायऱ्या. सर्वांत खालच्या, म्हणजे डिव्हिजन थ्रीच्या कॉलेजांत खेळासाठी शिष्यवृत्ती मिळतच नाही. आणि हार्वर्ड-येलसारखी नावाजलेली आयव्ही लीगची कॉलेजं वरच्या पायरीवर असूनही खेळासाठी पैसे देत नाहीत, घरची परिस्थिती बघून देतात. वरच्या पायरीवर खेळायला शाळेतले 16 मुख्य विषय ठरावीक गुणांनी पास झालेले लागतात. मोसमात सराव दिवसाला चार तास आणि आठवड्याला वीस तास, त्याहून जास्त कोचने घ्यायचा नाही, आठवड्यातून एक दिवस सुट्टी, हे सगळं लेखी. मला फार आवडलं. मग मी विचारलं, त्या वीस तासांत प्रवास धरतात का? नाही धरत. म्हणजे तिकडच्या साहेबांनीही बसमधला वेळ वाऱ्यावरच सोडला आहे! मामा हसला. मी हसलो नाही, माझा धंदाच तो. अमेरिका आमच्या आवाक्यातली नव्हतीच, पण ‘लेखी’ हा शब्द मी त्या फोनवरून उचलला.

इथे दहावीतल्या मुलांच्या पालकांसाठी थोडं थांबतो, कारण आम्हाला हे उशिरा कळलं. मद्रासच्या आयआयटीने 2024-25 पासून खेळाडूंसाठी प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात दोन जादा जागा ठेवल्या आहेत, त्यातली एक मुलींसाठी. जेईई ॲडव्हान्स्डच्या यादीत मात्र यावं लागतं. तिथून पुढे खेळातल्या कामगिरीवरून क्रम लागतो. दिल्ली विद्यापीठातही खेळ आणि इतर कलांसाठी पाच टक्क्यांपर्यंत जादा जागा असतात, त्यासाठी सीयूईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. यासाठी प्रमाणपत्रं नववी-दहावीपासून जपून ठेवा. आमची दोन प्रमाणपत्रं उंदरांनी खाल्ली, ती बदलून घ्यायला तीन महिने गेले. आणि अजून एक. ‘आत्ता नाही तर कधीच नाही’ असं जो कोच म्हणतो त्याला विचारा, आंतरविद्यापीठ स्पर्धेला वयाची अट काय? ती 25 पर्यंत आहे. अठरा वर्षांच्या पोरीकडे सात वर्षं आहेत. पदवी आता चार वर्षांची करता येते, वर एमएस्सी, तोवरही ती विद्यापीठाकडून पळू शकते.

आता आम्ही काय केलं ते. कॉलेज चालू असतानाचे कामाचे तीन दिवस निवडले, एक तर धो धो पावसाचा. प्रवेश घेतलाय असं समजून ते दिवस मुलीने जगून पाहिले. पहिला दिवस साखळीहून. पहाटे सव्वाचारला उठली, शेजाऱ्याच्या दुधाच्या टेंपोतून माशेलपर्यंत, पुढे मिळेल त्या बसने, ट्रॅकवर पोचली पावणेसातला. सराव अर्धाच झाला. साडेनऊला पणजीत कॉलेजच्या दारात उभी, डोळे लाल. संध्याकाळी माझ्याच बसने परत. माशेलच्या पुढे ती खिडकीला डोकं टेकून झोपली आणि आमच्या स्टॉपला मला कंडक्टरला मागे पाठवून तिला उठवावं लागलं. तो दिवस म्हणजे साखळीहून रोज ये-जा करण्यावर फुली.

दुसरा दिवस फोंड्याकडच्या एका कॉलेजचा, हॉस्टेल धरून. अभ्यासाला उत्तम, रात्री लायब्ररी उघडी, मेसमधली आमटीसुद्धा बरी. पण तिथून बांबोळी आठवड्यातून दोनदाच जमणार होतं. तिसरा दिवस मेर्शीहून, मावशीच्या घरातून. मेर्शी ते बांबोळी दहा-पंधरा मिनिटं, तिथून पणजी वीस. ट्रॅकवर सहाला, घरी परत साडेआठला, कॉलेजला वेळेवर, आणि रात्री दहाला झोप. तिने वहीत लिहून ठेवलं, ‘आज जेवताना झोप आली नाही.’ कॉलेज निवडायला आम्ही जी काही मापं लावली त्यात हे सगळ्यात खरं.

राहिला प्रश्न पणजी परिसरात कोणतं. चार ठिकाणी गेलो. चारही ठिकाणी आधी प्रवेशाच्या खिडकीवर, मग पीई सरांकडे. सगळीकडे एकच प्रश्न. डिसेंबर-जानेवारीत आंतरविद्यापीठ स्पर्धा आल्या, मुलगी दहा दिवस नाही, तेव्हा तिची प्रॅक्टिकल्स आणि आयएसए, म्हणजे सेमिस्टरमधल्या चाचण्या, कोण, कधी, कसं घेणार? 75 टक्के हजेरीत ते दिवस कसे धरणार? तीन ठिकाणी उत्तर मिळालं, ‘काळजी करू नका, ॲडजस्ट करू.’ एका ठिकाणी तर गेल्या वर्षीचे कप दाखवले, पेढाही दिला. संपादक महोदय, भरलेल्या गाडीच्या दारात उभा राहून आमचा कंडक्टर ‘मागे जागा आहे, चढा, चढा’ म्हणतो तेव्हा मागे जागा नसते. सतरा वर्षं मी तो आवाज ऐकतो आहे. त्या तिन्ही ऑफिसांत मला तोच आवाज आला.

चौथ्या ठिकाणचे सर तसे तुसडे. पेढा सोडा, बसासुद्धा म्हणाले नाहीत. मुलीकडून तिच्या सरावाची वेळ घेतली, ड्रॉवरमधून पहिल्या वर्षाचं फिजिक्सचं वेळापत्रक काढलं आणि लाल पेनाने गोल करायला लागले. सोमवार ठीक. मंगळवार संध्याकाळ अडेल, पण दुसऱ्या बॅचला टाकता येईल, त्या मॅडमशी मी बोलतो. गुरुवारी सकाळी आठचं प्रॅक्टिकल. इथे ते थांबले. म्हणाले, ‘हे हलणार नाही. लॅब एकच आहे, तीन वर्ग आहेत. गुरुवारी सकाळी तुझा ट्रॅक बंद. चालत असेल तर ये, नसेल तर आत्ताच दुसरीकडे बघ.’ मग स्पर्धेच्या दिवसांबद्दल सांगितलं. गेलेले प्रयोग परत आल्यावर दोन शनिवारी स्वतः करायचे, कोणाच्या वहीतले आकडे चालणार नाहीत. मी विचारलं, हे लिहून द्याल का? त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच वेळापत्रकाच्या मागे चार ओळी लिहून सही केली. विभागप्रमुखांचीही सही आणून दिली.

बाहेर आल्यावर मुलगी म्हणाली, हेच. मी म्हटलं, अगं हा माणूस नाही म्हणाला. ती म्हणाली, म्हणून तर.

कॉलेजचं नाव मुद्दाम देत नाही, जाहिरात वाटेल. शिवाय सरांनी माझ्यासाठी जे केलं ते हे वाचून आलेल्या दोनशे पालकांसाठी त्यांना करायला लावणं हा अन्याय होईल. आणि खरी तक्रार इथेच आहे. चार ओळींसाठी एका बसवाल्याला चार कॉलेजांच्या पायऱ्या का चढाव्या लागल्या? त्यासाठी माझ्या तीन दिवसांच्या फेऱ्या बदली ड्रायव्हरला द्याव्या लागल्या. ज्या बापाला रजा मिळत नाही, ज्या आईला ऑफिसात जाऊन प्रश्न विचारायची भीती वाटते, त्यांनी काय करायचं?

आपण 2023 मध्ये राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा भरवल्या. फातोर्ड्यात पंतप्रधान आले, कांपाल-बांबोळी झगमगली. मैदानांवर पैसा ओतला गेला आणि ते योग्यच झालं. पण त्या ट्रॅकवर पळणारी मुलं सोमवारी सकाळी कुठल्या तरी कॉलेजात बसतात, आणि प्रॉस्पेक्टसमध्ये खेळाडूंसाठी असतं काय, तर गेल्या वर्षीच्या विजेत्यांचा एक ग्रुप फोटो आणि ‘खेळाला प्रोत्साहन दिले जाते’ हे वाक्य. प्रोत्साहन म्हणजे गुरुवारच्या प्रॅक्टिकलचं काय, ते छापा. बुडालेली आयएसए किती दिवसांत घेणार, हजेरी कोण भरणार, दुखापत झाली तर फीची सवलत राहणार की जाणार, आणि कोणत्या वेळा अजिबात हलणार नाहीत, हे एका पानावर छापायला छपाईचा खर्च वाढत नाही. उच्च शिक्षण खातं आणि विद्यापीठ यांनी हे पान सक्तीचं केलं तर पुढच्या मे महिन्यात माझ्यासारख्याचं काम दोन तासांत होईल. आपल्या दैनिकाने पुढच्या वर्षी फोटोंबरोबर प्रत्येक कॉलेजला हा एक प्रश्न विचारून उत्तरं छापावीत ही विनंती. जे ‘ॲडजस्ट करू’ म्हणतील त्यांचंही तसंच छापा.

आपला,
साखळीचा एक वाचक, डिचोली तालुका
(मुलीचं नुकतंच पहिलं सेमिस्टर सुरू झालं आहे, कृपया माझं नाव छापू नये.)

ता. क. बांबोळीच्या कोचना गुरुवारचं सांगायला आम्ही दोघं घाबरत गेलो होतो. ते म्हणाले, बरं झालं, आठवड्यातला एक दिवस हिला झोपायला कसा लावायचा याच विचारात मी होतो. पहिल्या गुरुवारी तिने लंबकाचा प्रयोग केला. आकडा चुकला, पुन्हा केला. रात्री फोनवर मला तो सगळा सांगितला. मला निम्मा कळला.